सात सेंटीमीटर

सेकोतोंगला पोचले त्या रात्री वाटलं,
गावभर कुणी दळायला बसलंय.
सकाळी पाहिलं: परसापरसात लोखंडी ड्रम फिरतायत,
आत डोंगराचा दगड, पाणी, कांबी
आणि वाटीभर पारा.
गढूळ पाणी पाटाने भाताच्या खाचरात उतरतं.

सहनेपच्या घरी मी कात्री घेऊन गेले.
पाकिटं, पट्टी, चौतीस प्रश्नांचा अर्ज
आणि दुभाषी म्हणून रौहून, गावातलीच, अजून लग्न न झालेली.

प्रश्न अकरावा तिने जमिनीकडे बघत विचारला.
सहनेप हसली. म्हणाली, पाळी ना?
उधारी थकवलेल्या माणसासारखी येते.
तीन तीन महिने तोंड दाखवत नाही,
मग आली की पंधरा दिवस दारातून हलत नाही.

प्रश्न बारावा.
तिने चार बोटं वर केली
आणि एक परत मिटलं.
हे सातव्या महिन्यापर्यंत होतं,
ह्याला तुमच्यात काय म्हणतात?
अर्जात त्याला रकाना नव्हता.

इथे पहिलं मूल झालं की बाईचं जुनं नाव सुटतं.
मग ती इनाक, अमक्याची आई.
शेजारीण इनाक जुहैर, विहिरीजवळची इनाक मुनावीर.
सदतिसाव्या वर्षीही सहनेप नुसती सहनेप,
कालच्या पोरीसुद्धा तिला तशीच हाक मारतात.

बोलता बोलता ती काम करत होती.
फडक्यात लगदा घेऊन उघड्या हातांनी पिळला,
पारा बोटांतून निसटला, ओटीत सांडला,
थेंब थेंबाला शोधत जाऊन मिळाला.
तिने तो तळव्याने गोळा केला, एक कण वाया न घालवता.
नवऱ्याने, सुमर्दीने, उरलेल्या गोळीवर निळी ज्योत धरली.
गोळी आधी करडी,
मग एकदम पिवळी, हरभऱ्याच्या डाळीएवढी.
बाकीचं कौलांपर्यंत वर गेलं
आणि सावकाश खाली आलं,
झाकण नसलेल्या भातावर, गुंडाळलेल्या चटईवर.

माझ्या भाषेत भरल्या घरातून सोन्याचा धूर निघतो.
लहानपणी मला तो पिवळा दिसायचा.
त्याला रंग नाही. वासही नाही.

हे आत जाऊन काय करतं, तिने विचारलं.
मी म्हटलं, रक्तातून फिरतं, बीजकोशात साठतं,
वारेतून पलीकडे जातं, वार त्याला अडवत नाही.
बीजकोशासाठी रौहूनला शब्द सापडेना.
तिने ओटीपोटावर दोन बोटं टेकवली,
एक डावीकडे, एक उजवीकडे.
सहनेपने तशीच टेकवली.
मीही, का कोण जाणे.

मग त्यानेच गेलं का माझं?
खात्रीने सांगता येत नाही, मी म्हटलं.
हे वाक्य मला तीन भाषांत येतं.

केस तिने मोकळे सोडले, कमरेपर्यंत.
मानेजवळून, मुळापासून कापायचे असतात.
केस महिन्याला सेंटीमीटरभर वाढतो,
खाली खाली जुने महिने.
हे रौहूनने सांगितलं आणि सहनेप गप्प झाली.
मग पट्टी माझ्या हातातून घेतली, परत दिली.
ते दिवस कुठे असतील?

मी हिशेब केला. मूळ धरून मोजत आले.
सव्वीसपासून तेहेतीसपर्यंत.
तिने ते केस दोन्ही टोकांना चिमटीत धरले,
बराच वेळ, सुईत ओवायच्या दोऱ्यासारखे.
तपासताना हे जाळता का?
हो.
मग वरचे न्या. एवढे राहू देत.

तीन सेंटीमीटर कापले. अहवालाला तेवढे पुरतात.
पाकिटावर नाव लिहायचं नसतं, फक्त क्रमांक.
बासष्ट, मी लिहिलं.
रौहून मात्र सवयीने विचारून बसली, नाव काय लिहू?

सुमर्दीने ज्योत बंद केली.
इनाक सेरुनी, ती म्हणाली.
रौहून ह्याच गल्लीत वाढलेली,
तिने हे नाव कधी ऐकलं नव्हतं.
तिने माझ्याकडे पाहिलं.
पेन्सिल मीच तिच्याकडे सरकवली.